डोलकाठी, झाड आणि पेटीतली साखळी

12 मार्च 2021 रोजी गुरुग्राममध्ये अवकाळी पाऊस झाला. सेक्टर 82 मधील एका निवासी वसाहतीत बागकामाचे चार कर्मचारी पावसापासून आडोसा म्हणून एका झाडाखाली उभे राहिले. काही क्षणांत त्या झाडावर वीज कोसळली आणि चौघेही जमिनीवर पडले. वसाहतीतील कॅमेऱ्याने टिपलेले ते दृश्य देशभर पाहिले गेले. चौघांपैकी एकाचा मृत्यू झाला.

वीज झाडावर पडली, मग माणसे का कोसळली? या प्रश्नाचे उत्तर शोधताना गुरुग्रामपासून शेकडो कोस दूर असलेल्या समुद्राकडे वळावे लागते. भर समुद्रातील शिडाच्या जहाजाची डोलकाठी आणि उघड्यावरचे एकटे झाड यांचे विजेशी असलेले नाते एकच आहे आणि हे नाते माणसाला प्रथम नीट उमगले ते जहाजांवर.

विजेच्या एका झोतात साधारणपणे 30,000 अँपिअर इतका प्रवाह असतो. झोताच्या मार्गातील हवा क्षणार्धात सुमारे 30,000 अंश सेल्सिअसपर्यंत तापते. हा प्रवाह लाकडातून जाऊ लागला, की लाकडातील ओलाव्याची एकाएकी वाफ होते आणि त्या वाफेच्या दाबाने झाडाची साल उडते, डोलकाठीच्या चिरफळ्या होतात. लाकूड हे विजेचे वाईट वाहक आहे. त्यामुळे प्रवाह खाली उतरत असताना खोडाच्या वरच्या आणि खालच्या भागांत प्रचंड विद्युतदाब निर्माण होतो. शेजारी एखादा अधिक सुवाहक मार्ग असेल, तर वीज खोड सोडून त्या मार्गावर उडी घेते. मानवी शरीर हा असाच एक मार्ग आहे. झाडाखाली उभ्या असलेल्यांना विजेने वेगळे लक्ष्य केलेले नसते. खोडापेक्षा सोपी वाट म्हणून ती त्यांच्यातून जाते. जो प्रवाह जमिनीत उतरतो तोही बुंध्याभोवती पसरताना तेथे उभ्या असलेल्यांच्या पायांतून वाहू शकतो.

समुद्रावर ही अवस्था अधिकच बिकट. मैलोन्‌मैल सपाट पाण्यावर डोलकाठीइतके उंच दुसरे काहीच नसते. लाकडी जहाजांच्या काळात वीज डोलकाठी फोडून खाली येई, तेव्हा शिडे पेटत, खलाशी मरत, कधी तळाला भोक पडे. युद्धनौकांवर तर दारूकोठाराची धास्ती कायमची. 1798 च्या जुलै महिन्यात सुमात्रा आणि बांका बेट यांच्यामधील सामुद्रधुनीत ‘रेझिस्टन्स’ ही ब्रिटिश युद्धनौका स्फोटाने नष्ट झाली आणि जवळपास सर्व माणसे दगावली. विजेने दारूकोठार पेटले, असाच समज पुढे रूढ झाला. 1810 ते 1815 या अवघ्या काही वर्षांत ब्रिटिश आरमाराची सुमारे 70 जहाजे विजेमुळे निकामी झाली, अशी नोंद पुढे मांडली गेली. याच काळात मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याचे कारागीर मलबारी सागाच्या युद्धनौका बांधत होते. 1817 साली मुंबईत जलावतरण झालेली ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल बंदरात तरंगते आहे. साग वाळवीला आणि कुजण्याला दाद देत नाही. पण विजेपुढे सागही लाकूडच.

उपाय मात्र ठाऊक नव्हता असे नाही. बेंजामिन फ्रँकलिनने 1752 च्या सुमारास तडितरक्षकाची कल्पना मांडली होती. टोकदार धातूची सळई उंचावर लावावी आणि ती अखंड धातूमार्गाने जमिनीशी जोडावी, म्हणजे विजेला इमारतीतून जाण्याची गरज उरत नाही. 1762 साली विल्यम वॉटसन या शास्त्रज्ञाने जहाजांसाठी तिचे रूप सुचवले: डोलकाठीच्या शेंड्यापासून समुद्राच्या पाण्यापर्यंत लोंबणारी तांब्याची साखळी.

या साखळीचा गाजलेला अनुभव जेम्स कुकच्या ‘एन्डेव्हर’ जहाजाला आला. ऑक्टोबर 1770 मध्ये ते बटाव्हिया, म्हणजे आजच्या जकार्ता, येथे नांगरलेले असताना वादळ झाले. जवळच उभ्या असलेल्या एका डच जहाजाच्या मुख्य डोलकाठीची विजेने दुर्दशा केली. ‘एन्डेव्हर’वर साखळी चढवलेली होती. त्या जहाजाला हादरा बसला, पण इजा झाली नाही. आपण साखळीमुळेच वाचलो, याबद्दल कुकला शंका उरली नाही.

तरीही ही साखळी आरमाराला वाचवू शकली नाही. याचे कारण विज्ञानात नसून जहाजावरील दैनंदिन व्यवहारात होते. साखळी पेटीत ठेवलेली असे. वादळ दिसले, की ती बाहेर काढायची, खलाशाने डोलकाठीवर चढून ती बांधायची आणि तिचे दुसरे टोक पाण्यात सोडायचे. वादळ अचानक आले तर वेळ मिळत नसे. आलेच तर त्या क्षणी सर्व हात शिडे उतरवण्यात गुंतलेले असत. शिवाय वीज कडाडत असताना साखळी हातात घेऊन डोलकाठीवर चढणारा माणूस स्वतःच मृत्यूच्या सर्वांत जवळ जाई. लोंबती साखळी दोरखंडांत अडके, तुटे, आणि तिच्या सैल कड्यांचे जोड विजेला अडथळा करीत. त्यामुळे अनेक जहाजांवर ती पेटीतच राहिली.

हा पेच सोडवला प्लिमथच्या एका डॉक्टरने. विल्यम स्नो हॅरिस याचा जन्म 1791 चा. वैद्यकीचा व्यवसाय करता करता तो विद्युतशास्त्राकडे ओढला गेला. 1820 च्या सुमारास त्याने मांडलेली योजना सरळ होती: तडितरक्षक जहाजावर चढवायचा नाही, तो जहाजाचाच भाग करायचा. डोलकाठीच्या मागील अंगाला खोबण पाडून तीत तांब्याच्या पट्ट्या बसवायच्या. त्या दुहेरी आणि एकमेकींवर येणाऱ्या असाव्यात, म्हणजे जोडापाशी मार्ग तुटत नाही. वरच्या डोलकाठ्या खाली-वर केल्या तरी संपर्क कायम राहावा. डोलकाठीच्या बुडापासून हाच मार्ग जहाजाच्या कण्यातून तांब्याच्या खिळ्यांद्वारे तळावरील ताम्रपत्र्याला आणि तेथून समुद्राला मिळावा. खलाशाने काही करायचे नाही, कप्तानाने काही ठरवायचे नाही. वीज दुपारी पडो वा मध्यरात्री, तिची वाट तयार असेल.

विरोध झालाच. तडितरक्षक विजेला बोलावून घेतो, ही भीती जुनी होती. वीज दारूकोठाराजवळून जहाजाच्या पोटात न्यायची ही कल्पना अधिकाऱ्यांना भयंकर वाटे. शिवाय तांब्याचा खर्च होता. हॅरिसचे उत्तर असे, की डोलकाठी उंच आहे म्हणून वीज तिच्यावर पडणारच. ती कोणत्या वाटेने उतरेल, एवढेच आपल्या हाती आहे.

1831 च्या नोव्हेंबरात प्लिमथमध्ये त्याने केलेले एक प्रात्यक्षिक पाहायला 22 वर्षांचा एक तरुण उपस्थित होता. विद्युतयंत्र हा मेघ, पाण्याची कुंडी हा समुद्र आणि खेळण्यातले जहाज ही युद्धनौका! हा तरुण म्हणजे चार्ल्स डार्विन. तो ज्या ‘बीगल’ जहाजावरून निघणार होता त्यावरही हॅरिसच्या पट्ट्या बसवलेल्या होत्या. कप्तान फिट्झरॉय याला त्यांचे मोल ठाऊक होते. पूर्वी रिओ द जानेरोच्या बंदरात ‘थेटिस’ जहाजाची पुढची डोलकाठी विजेने उद्ध्वस्त झाली, तेव्हा तो त्याच जहाजावर होता. ‘बीगल’चा प्रवास जवळपास पाच वर्षे चालला. किमान दोनदा जहाजावर वीज पडली असावी, असे फिट्झरॉयने नमूद केले. डोलकाठ्यांवर फुत्कारासारखा आवाज झाला, जहाज किंचित थरथरले आणि तेवढेच. कोठेही ओरखडा नाही.

एवढे होऊनही ब्रिटिश आरमाराने ही पद्धत सर्वत्र स्वीकारायला 1842 उजाडले. म्हणजे योजना मांडल्यापासून सुमारे 22 वर्षे गेली. दरम्यान रशियाच्या आरमाराने ती उचलली होती आणि 1845 मध्ये झारने हॅरिसला अंगठी व फुलदाणी भेट दिली. 1847 मध्ये मायदेशाने त्याला ‘सर’ ही पदवी दिली.

पुढे जहाजे लोखंडाची झाली आणि प्रश्नच जणू विरून गेला. संपूर्ण धातूचे कवच प्रवाहाला बाहेरच्या बाहेर पाण्यात उतरवते. फॅरडेने 1836 मध्ये दाखवलेल्या धातूच्या पिंजऱ्याचेच हे मोठे रूप. परंतु विसाव्या शतकात लहान होड्या काचतंतूच्या, म्हणजे फायबरच्या, होऊ लागल्या आणि जुने संकट नव्या वेशात परतले. आजच्या शिडाच्या होडीची ॲल्युमिनियमची डोलकाठी उत्तम वाहक असते. पण ती फायबरच्या तळावर येऊन थांबते. वाट तेथेच संपली, तर वीज पाण्याकडे जाण्यासाठी तळ फोडते किंवा आतल्या तारांवर, इंजिनावर, माणसांवर उडी घेते. म्हणून डोलकाठीच्या बुडापासून जाड तांब्याची तार शक्य तितक्या सरळ रेषेत पाण्याखालील धातूपर्यंत न्यावी लागते. खाऱ्या पाण्यासाठी सुमारे एक चौरस फूट क्षेत्रफळाची धातूची पट्टी ही रूढ शिफारस आहे. डोलकाठीचे ताण, टाक्या, कठडे असे मोठे धातूचे भागही त्याच मार्गाला जोडतात, म्हणजे वीज एकावरून दुसऱ्यावर उडी घेत नाही. आयएसओ 10134 हे आंतरराष्ट्रीय मानक लहान होड्यांच्या याच विषयासाठी आहे. त्यामागचा विचार हॅरिसचाच: वाट अखंड हवी आणि वादळापूर्वी तयार हवी.

आज भारताकडे आणखी एक साधन आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने देशभर वीज टिपणाऱ्या संवेदकांचे जाळे उभारले असून तिचे ‘दामिनी’ ॲप 20 व 40 किलोमीटरच्या परिघातील विजांची सूचना मोबाईलवर देते. ही मोठीच प्रगती आहे. पण इतिहास एक सावधगिरी शिकवतो. सूचना म्हणजे पेटीतली साखळी. ती योग्य वेळी हाती यावी लागते, काम थांबवण्याची मुभा असावी लागते आणि धाव घेण्यासाठी सुरक्षित जागा जवळ असावी लागते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये भारतात वीज पडून 2,887 लोक मृत्युमुखी पडले. शेतात राबणारे, गुरे राखणारे, छोट्या होडीतून मासेमारीला जाणारे यांना ही तीनही साधने क्वचितच एकत्र मिळतात.

गुरुग्रामच्या उंच इमारती तडितरक्षकाने सुरक्षित करता येतात. त्यांची वाट माथ्यापासून जमिनीपर्यंत आधीच आखलेली असते आणि वीज पडली तरी आतल्या माणसाला बहुधा कळतही नाही. त्याच शहरात बाग राखणाऱ्या माणसाला पाऊस आला, की जवळचे झाड गाठावे लागते. गडगडाट ऐकू आला, की पक्क्या इमारतीत किंवा छत असलेल्या बंद मोटारीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे तेथेच थांबावे, हा नियम साधा आहे. तो पाळता यावा यासाठी उघड्यावर काम करणाऱ्याला आत येण्याचे दार आधीच उघडे असले पाहिजे. वादळ आल्यावर परवानगी मागण्याइतका वेळ वीज देत नाही.