स्कॉटचें ऋणमोचन

कर्ज फेडणें ही गोष्ट वरवर पाहणारास केवळ अंकगणिताची वाटते. परंतु जो मनुष्य त्या फेऱ्यांत एकदां सांपडला, त्यास लवकरच कळून चुकतें कीं, किती द्यावयाचें हा प्रश्न सोपा असून काय सोडावयाचें हाच खरा बिकट प्रश्न आहे. दागिने मोडावे कीं जमीन विकावी, मुलाचें शिक्षण थांबवावें कीं राहतें घर गहाण टाकावें, सावकाराशीं तडजोड करावी कीं हाडांचीं काडें करून पैन्‌पै चुकवावी, यांचीं उत्तरें खातेवहींत सांपडत नाहींत. या विवंचनेंतून गेलेल्या एका थोर ग्रंथकाराचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची चर्चा निघाली कीं ज्याचें नांव सहज ओठांवर येतें, तोच हा सर वॉल्टर स्कॉट.

स्कॉटच्या कर्जाचें मूळ दोन ठिकाणीं होतें. १८०५ सालीं त्यानें आपला शाळासोबती जेम्स बॅलंटाइन याच्या छापखान्यांत गुप्तपणें भागी घेतली. स्वतः वकील आणि सरकारी अधिकारी असल्यामुळें हा व्यापार उघडपणें करणें त्यास प्रशस्त वाटलें नाहीं. दुसरें मूळ म्हणजे जमिनीचा हव्यास. १८११ सालीं ट्वीड नदीच्या कांठीं त्यानें सुमारें ११० एकरांचें एक शेत घेतलें. चिखलाचें डबकें अशा अर्थाचें त्याचें नांव बदलून त्यानें तेथें अ‍ॅबट्सफर्ड हा वाडा उभारिला, आणि भोंवतालचीं शेतें एकामागून एक पदरांत पाडून घेतलीं. यासाठीं लागणारा पैसा पुष्कळदां न लिहिलेल्या कादंबऱ्यांवर आगाऊ उचललेला असे. प्रकाशक कॉन्स्टेबल आणि छापखाना हे परस्परांच्या नांवें हुंड्या लिहून पेढ्यांतून पैसे उचलीत. उलटसुलट हुंड्यांच्या या जाळ्यांत एकच रक्कम दोनदां अंगावर येण्याचा धोका होता; पण पुस्तकें खपत होतीं तोंवर तो कोणाच्या लक्षांत आला नाहीं.

१८२५ च्या अखेरीस इंग्लंडांत पेढ्या कोसळूं लागल्या. लंडनची हर्स्ट-रॉबिन्सन ही पेढी बुडाली, तिच्याबरोबर कॉन्स्टेबल बुडाला, आणि १८२६ च्या जानेवारींत बॅलंटाइनचा छापखानाही बसला. भागीदाराची जबाबदारी अमर्याद असे. म्हणून वयाच्या चोपन्नाव्या वर्षीं स्कॉटच्या शिरावर सुमारें १,२०,००० पौंडांचा बोजा येऊन पडला.

त्याच्यापुढें मार्ग अनेक होते. पहिला दिवाळ्याचा. कायद्यास तो संमत होता, आणि जें आहे तें वांटून देऊन स्कॉट मोकळा झाला असता. कॉन्स्टेबलच्या धनकोंस अखेर पौंडामागें तीन शिलिंगही मिळाले नाहींत, आणि त्याबद्दल कोणी कोणास फांशीं दिलें नाहीं. दुसरा मार्ग स्नेह्यांच्या मदतीचा. अशी मदत अनेकांनीं देऊं केली. त्याच्या मुलींस वीणावादन शिकविणाऱ्या एका गरीब शिक्षकानेंही आपली सारी शिल्लक पुढें केली. हे दोन्ही मार्ग स्कॉटनें नाकारिले. आपली मिळकत त्यानें विश्वस्तांच्या हातीं दिली, आणि पुढें लेखणींतून जें निघेल तें धनकोंचें, असा करार केला. धनकोंनींही उदारपणें त्याचा पगार व अ‍ॅबट्सफर्डांतील वास्तव्य यांस हात लावला नाहीं.

मग सोडण्यास आरंभ झाला. एडिंबरोच्या कॅसल स्ट्रीटवरील घर, जेथें संसाराचीं सुमारें पंचवीस वर्षें गेलीं होतीं, तें विकलें गेलें. १८२६ च्या मे महिन्यांत आजारी पत्नीस अ‍ॅबट्सफर्ड येथें ठेवून तो नोकरीसाठीं एडिंबरोस भाड्याच्या खोलींत राहावयास आला. चारच दिवसांत, १५ मे रोजीं, ती वारली. १८२७ च्या फेब्रुवारींत, वेव्हर्ली कादंबऱ्यांचा अज्ञात कर्ता आपणच, हेंही त्यानें एका भोजनसमारंभांत उघड केलें. हिशेबाच्या वह्या परक्यांच्या हातीं गेल्यावर तें गुपित राहणें शक्यच नव्हतें.

एक गोष्ट मात्र त्यानें सोडिली नाहीं, आणि येथेंच टीकाकार बोट ठेवितात. १८२५ च्या आरंभीं थोरल्या मुलाच्या विवाहप्रसंगीं अ‍ॅबट्सफर्डची मिळकत त्यानें मुलाच्या नांवें करून दिली होती. ती व्यवस्था रद्द करविण्याचा विचार एका बँकेनें बोलून दाखविला, तेव्हां स्कॉटनें स्पष्ट बजाविलें कीं, असें होईल तर आपण सरळ दिवाळ्याचाच आश्रय घेऊं. मानी मनुष्याचा हा मान जमिनीपाशीं येऊन कसा थांबला, असें कोणीही विचारील. आमच्या धर्मशास्त्रानें पित्याचें ऋण पुत्राच्या माथीं ठेविलें होतें. येथें तर पुत्रास मिळकत आधीं पोंचली आणि ऋण पित्यापाशींच राहिलें! तथापि आम्हांस असें वाटतें कीं, स्कॉटच्या वर्तनांत एक सूत्र आहे: जें आपलें तेंच त्यागितां येतें. मुलाच्या नांवें झालेली जमीन ही सुनेच्या माहेरास दिलेल्या वचनाची वस्तु होती. एक वचन मोडून दुसरें पाळण्यांत त्यास भूषण वाटलें नाहीं. असें असलें तरी त्या जमिनीवरील लोभानेंच हें संकट अंशतः ओढविलें होतें, हा दोष त्यामुळें पुसला जात नाहीं.

आतां त्याचें स्वतःचें असें काय उरलें? वेळ, विश्रांति आणि शरीर. तीं त्यानें हात न आंखडतां दिलीं. ‘वुडस्टॉक’ या कादंबरीचे आठ हजारांहून अधिक पौंड आले; नऊ खंडांच्या नेपोलियनच्या चरित्राचे १८,००० आले. याच काळांत, हिंदुस्थान कधीं न पाहतां, हैदर अली व टिपू यांस पात्रें करून त्यानें ‘द सर्जन्स डॉटर’ ही कथा लिहिली. दोन वर्षांत सुमारें ४०,००० पौंड धनकोंस मिळाले. १८३० च्या फेब्रुवारींत त्यास पक्षाघाताचा झटका आला. वैद्यांनीं लेखन थांबविण्यास सांगितलें; त्यानें थांबविलें नाहीं. त्या वर्षाच्या डिसेंबरांत कृतज्ञ धनकोंनीं त्याचा ग्रंथसंग्रह व घरांतील चीजवस्तु त्यास परत भेट दिल्या. पण शेवटच्या कादंबऱ्यांत पूर्वीचा हात राहिला नव्हता. म्हणजे कीर्तीचाही कांहीं भाग त्यानें या फेडींत घातला असें म्हटलें पाहिजे. हवापालटासाठीं तो माल्टा व नेपल्स येथें गेला, तेव्हां आपलें कर्ज फिटलें असा भ्रम त्यास झाला होता, आणि जवळच्या माणसांनीं तो मोडला नाहीं. २१ सप्टेंबर १८३२ रोजीं तो वारला. विम्याचे २२,००० पौंड आणि ग्रंथांच्या हक्कांवर प्रकाशक कॅडेल यानें दिलेली रक्कम मिळून पुढील वर्षीं मूळ धनकोंचा हिशेब चुकता झाला. कॅडेलचें देणें १८४७ पर्यंत राहिलें.

त्याच १८४७ सालीं, ज्याच्यासाठीं अ‍ॅबट्सफर्ड राखलें तो थोरला मुलगा हिंदुस्थानांतून परततांना समुद्रावरच मृत्यु पावला. त्यास अपत्य नव्हतें. ज्या वंशासाठीं इतका अट्टाहास केला तो पुत्राकडून पुढें चाललाच नाहीं.

यावरून स्कॉटचा त्याग व्यर्थ गेला असें आम्ही म्हणणार नाहीं. जमीन राखण्याचा त्याचा हेतु काळानें फोल ठरविला. देणें देण्याचा हेतु मात्र पुरा झाला. मनुष्य जें पुढच्या पिढीसाठीं जपून ठेवितो त्यावर त्याची सत्ता नसते; जें तो दुसऱ्याचें दुसऱ्यास परत करितो तेवढेंच निश्चितपणें त्याच्या हातून घडतें. संकटाच्या वेळीं कोणती वस्तु प्रथम सोडावी हें ठरवितांना हा भेद ध्यानांत असावा. आणि ज्या शरीरानें फेड करावयाची, तेंही सर्वस्वी आपलें एकट्याचें नसतें. तें घरांतल्या माणसांचेंही असतें. स्कॉटच्या हिशेबांत ही एकच बाब मांडावयाची राहून गेली.