बी आणि भुई : कर्करोगाच्या गाठीचा इतिहास

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी जशी डोलते, तशी ती मुरमाड माळावर येत नाही. सोलापूर जिल्ह्यात हे कुणाला सांगावे लागत नाही. कर्करोगाविषयी नेमका हाच विचार १८८९ साली लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी मांडला. 🧵

स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. रोग यकृतात पसरल्याची उदाहरणे २४१, प्लीहेत अवघी १७. रक्ताबरोबर पेशी जिथे पोहोचतात तिथेच रुजतात, एवढेच खरे असते, तर भरपूर रक्त मिळणारी प्लीहा अशी सुटली नसती. बी सर्वत्र पडते. रुजते मात्र मानवणाऱ्या जमिनीत.

पुढे कित्येक दशके संशोधकांनी बियाचाच पिच्छा पुरवला. १९८० च्या सुमारास अमेरिकेत आयझाया फिडलर यांनी उंदरांवरील प्रयोगांतून पॅजेट यांचा विचार पुन्हा उभा केला.

मग ध्यानात आले, की गाठ म्हणजे नुसता कर्कपेशींचा गोळा नव्हे. तिच्यात प्राणवायू तुटपुंजा असतो, साखर कर्कपेशींनी फस्त केलेली असते, लॅक्टिक आम्ल साचलेले असते. अशा ठिकाणी शिरलेली लढाऊ टी पेशी हळूहळू थकते. जखम भरून काढणाऱ्या मॅक्रोफेज पेशी तर येथे चक्क फितूर होतात आणि गाठीलाच नव्या रक्तवाहिन्या मिळवून देतात. (गडांचा इतिहास वाचणाऱ्यांना यात नवल वाटू नये.)

टी पेशींना एक लगामही असतो : पीडी-१. तो १९९२ साली जपानच्या तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत सापडला. अनेक कर्कपेशी हाच लगाम खेचून टी पेशींना थोपवतात. तो सोडवणारी औषधे आली आणि २०१८ चे नोबेल होंजो व जेम्स ॲलिसन यांना मिळाले.

पण औषध महाग. बार्शीत १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली आणि खेड्यातल्या या रोगाचा हिशेब प्रथमच कागदावर आला. त्या खेड्यातल्या रुग्णाने लाखो रुपये आणायचे कुठून?

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने हाच प्रश्न हाती घेतला. डोके व मानेच्या बळावलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या गोळ्यांसोबत दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब दिले. प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम! वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. लगाम सोडवायला थोडे औषधही पुरते, कारण पीडी-१ चे रेणू अल्प मात्रेतच व्यापले जातात.

तरीही निम्म्याहून अधिक रुग्ण वर्ष पुरे करू शकले नाहीत. लगाम सुटला, तरी आम्ल, उपासमार आणि फितुरी गाठीत शिल्लक राहतातच. आज संशोधकांचा मोर्चा त्यांच्याकडे वळला आहे.