तांबें, कागद व प्लास्टिक : नगर जिल्ह्यांतील चलनाविषयीं कांहीं विचार

नाण्यांवर आमच्या संशोधकांनीं पुष्कळ लिहिलें आहे. नोटेवर लिहिलेलें त्या मानानें फारच थोडें. याचें कारण उघड आहे. तांब्याचा फलूस शेंकडों वर्षें जमिनींत राहतो व नांगराच्या फाळाला लागून वर येतो. कागदाच्या नोटेचा त्या मातींत कांहीं पावसाळ्यांतच चिखल होतो. परंतु गेल्या चाळीस वर्षांत जगांतील अनेक देशांनीं कागद टाकून प्लास्टिकच्या नोटा काढिल्या आणि आपल्याकडेहि तसें करण्याचा विचार झाला. त्या निमित्तानें अहमदनगर जिल्ह्याचा (२०२४ पासून यास अहिल्यानगर म्हणतात) चलनेतिहास एका प्रश्नापुरता पाहण्याचें आम्ही योजिलें आहे. प्रश्न असा कीं, पैशाचें द्रव्य बदललें म्हणजे रयतेचें काय बदलतें ?

निजामशाहीचीं जीं नाणीं आज संग्रहांतून दिसतात तीं बहुतेक तांब्याचीं आहेत. १६०० सालीं नगर मोगलांकडे गेलें, पुढें चांदीचा रुपया प्रमुख झाला, आणि मराठेशाहींत तर अंकुशी, चांदवडी असे अनेक टांकसाळींचे रुपये एकाच बाजारांत फिरूं लागले. धातूला स्वतःची किंमत असल्यामुळें नाण्याचा भरंवसा धातूंतच असतो असें सामान्यतः मानितात. आम्हांस हें अर्धेंच खरें वाटतें. जामखेड तालुक्यांतील चौंडीच्या अहिल्याबाई होळकरांचा महेश्वरी रुपया पाहावा. त्यावर बिल्वपत्र व शिवलिंग आहे. पण नांव आहे दिल्लीच्या शाहआलमचें, ज्याचा हुकूम महेश्वरीं मुळींच चालत नव्हता. तो रुपया पेठेंतला सराफ कसास लावून, वजन करून, बट्टा कापून घेई म्हणून चाले. म्हणजे भरंवसा धातूंत जितका, तितकाच तो पारखून बदलून देणार्‍या जवळच्या माणसांत होता. हुंडीचेंहि तेंच. ती कागदाचीच, परंतु जिच्यावर लिहिली ती पेढी व्यापार्‍याच्या माहितीची असे.

सरकारी नोट आली ती मात्र निराळ्या प्रकारें आली. १८६१ च्या कायद्यानें नोटा काढण्याचा अधिकार सरकारनें आपल्याकडे घेतला व देशाचे विभाग पाडिले. एका विभागाची नोट त्याच विभागांत कायदेशीर चलन, आणि तिचे रुपये हक्कानें मागावयाचे तर जेथून ती निघाली त्या कचेरींतच मागावयाचे. नगर मुंबईच्या विभागांत पडे. तेव्हां नगरच्या कुणब्याच्या हातांत नोट पडली तरी तिच्यावरील वचन घाटाखालीं मुंबईस पुरें व्हावयाचें. जिल्ह्याच्या खजिन्यांत रोकड मिळाली तर ती सोय, हक्क नव्हे. शिवाय प्रथम दहा रुपयांहून लहान नोटच नव्हती. पांचाची १८७१ त निघाली. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ त सुरू होईपर्यंत नगराला आगगाडीहि नव्हती. व्यापारी लोक नोट मधोमध कापून तिचे दोन तुकडे दोन निरनिराळ्या टपालांनीं पाठवीत, कारण एक तुकडा चोरीस गेला तरी चोरास त्याचा उपयोग नसे. हा कागद पेढीचा होता, शेताचा नव्हता.

शेतावर जो कागद पोंचला होता तो दुसराच. सावकाराचें खत. १२ मे १८७५ रोजीं भीमथडींतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं दंगा उसळला व लवकरच तो पारनेर, श्रीगोंदें, कर्जत या नगरच्या तालुक्यांत पसरला. दंगेखोरांनीं सावकारांकडून मागितलें तें मुख्यतः खतें व रोखे. आणि ते हातीं येतांच जाळले. पुष्कळ ठिकाणीं कागद मिळाल्यावर अंगास हात लावण्याचें प्रयोजन त्यांस उरलें नाहीं. ज्यांस वाचतां येत नव्हतें त्यांस या कागदाचें सामर्थ्य मात्र पुरें कळलें होतें. १८७९ च्या शेतकरी कायद्यानें शेतकर्‍याचें खत गांवच्या नोंदणी कामगारासमोर लिहिलें जावें असें ठरविलें, म्हणजे कागदाचा साक्षीदार गांवाजवळ आणिला. नोटेच्या बाबतींत तसें व्हावयास फार काळ लागला. पांचाची नोट १९०३ त (ब्रह्मदेश वगळून) सर्व देशभर चालूं लागली, दहाची व पन्नासाची १९१० त, शंभराची १९११ त. पहिल्या महायुद्धांत चांदीची टंचाई पडल्यानें ३० नोव्हेंबर १९१७ रोजीं एक रुपयाची नोट निघाली. पंचवीस नोटांचें पुस्तक बांधून ती देत. कागद सामान्य माणसाच्या हातीं खरा आला तो या वेळीं, आणि तोहि चांदी मिळेना म्हणून.

जिल्ह्याच्या उत्तर व पूर्व शिवेवर आणखी एक प्रकार होता, आणि तो आम्हांस सर्वांत बोधक वाटतो. नेवासें तालुक्यांतील टोकें गांवासमोर गोदावरीपलीकडे कायगांव, तें निजामाच्या मुलुखांत. अलीकडे कलदार, पलीकडे हाली शिक्का. सात हाली म्हणजे स्थूलमानानें सहा कलदार. १९१८ च्या कायद्यापासून हैदराबादेच्या स्वतंत्र नोटाहि निघाल्या व त्यांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगु, कानडी अक्षरेंहि होतीं. नदीपलीकडे जातांना नोटेचा कागद तोच राहे, पण तिचें मोल दुसर्‍या सरकारच्या भरंवशावर जाई. हाली शिक्का १९५० नंतरहि कांहीं वर्षें भारतीय रुपयाबरोबर चालत होता.

नोटा पूर्वीं विलायतेंतून छापून येत. १९२८ पासून त्या नाशिक येथें छापूं लागल्या. दुसर्‍या महायुद्धांत जपान्यांनीं इकडील नोटांच्या हुबेहूब नकला केल्या, म्हणून जलचिन्ह बदलावें लागलें व कागदांत सुरक्षेचा धागा आला. प्लास्टिकच्या नोटेची जननीहि हीच, नक्कलच. ऑस्ट्रेलियांत १९६६ सालीं दशमान चलन आलें आणि वर्ष संपण्यापूर्वीं दहा डॉलरच्या बनावट नोटा सांपडल्या. तेथील रिझर्व बँकेनें शास्त्रज्ञांस हातीं धरून वीस वर्षें खटपट केली व १९८८ त पॉलिप्रॉपिलीनच्या पातळ पापुद्र्यावर छापलेली नोट काढिली. १९९६ पर्यंत तेथील सर्व नोटा तशा झाल्या. पापुद्र्यावर रंगाचे थर देतांना एक पारदर्शक खिडकी मोकळी ठेवितात. ती नकल करणाराच्या यंत्रास साधत नाहीं. त्यापूर्वीं हैती व कोस्टारिका यांनीं दुसर्‍या प्रकारचें प्लास्टिक वापरून पाहिलें, पण उष्ण हवेंत शाई पसरूं लागली. पुढें रुमानियानें १९९९ त, कानडानें २०११ त व इंग्लंडनें २०१६ त ही वाट धरली. बांगलादेश व नेपाळ यांनीं दहाची अशी नोट काढून पाहिली आणि पुनः कागदाकडे वळले. घाम व पाणी हिच्यांत मुरत नाहीं, आयुष्य कागदाच्या अडीचपट असा इंग्लंडचा हिशेब. पण कडेला एकदां चीर गेली कीं ती भरभर फाटते, व फार उष्णतेनें आकसते. आपल्या सरकारनें २०१४ सालीं संसदेंत सांगितलें कीं, दहा रुपयांच्या सुमारें शंभर कोटी प्लास्टिकच्या नोटा कोची, म्हैसूर, जयपूर, सिमला व भुवनेश्वर या भिन्न हवेच्या शहरांत चालवून पाहावयाच्या. तो प्रयोग झाला नाहीं. आपली नोट अजून कापसाच्या कागदाचीच आहे.

कांद्याच्या लिलावांत दिवसभर मळक्या हातांनीं नोटा मोजणार्‍या आडत्यास प्लास्टिकचें स्वागत करावेंसें वाटेल, आणि त्याचें चुकणार नाहीं. परंतु या जिल्ह्यास नोटेनें जें दुःख दिलें तें तिच्या मळण्याचें नव्हे. ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं ५०० व १००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. चलनाच्या किंमतीचा सुमारें ८६ टक्के भाग त्यांत होता. १४ नोव्हेंबरला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांस त्या नोटा घेण्याची व बदलून देण्याची मनाई झाली. नगर जिल्ह्यांत पीककर्ज गांवच्या सोसायटीमार्फत याच बँकेंतून येतें. शेतकर्‍याचें खातेंहि तेथेंच. ज्या खिडकीवर त्याच्या नोटेचें वचन पुरें व्हावयाचें ती गांवाजवळची खिडकी बंद झाली व त्यास दूरच्या दुसर्‍या दारीं रांगेंत उभें राहावें लागलें. या बँकांनीं आधींच घेतलेल्या जुन्या नोटा रिझर्व बँकेनें स्वीकाराव्या हा निर्णय २० जून २०१७ ला निघाला. १८६२ मधील मुंबईची कचेरी व २०१६ मधील ही बंद खिडकी यांत आम्हांस विलक्षण साम्य दिसतें. त्या दिवशीं नोटा प्लास्टिकच्या असत्या तर त्या रांगेंत अधिक स्वच्छ राहिल्या असत्या, इतकेंच.

संशोधकाची अडचण मात्र निराळी आहे. दौलताबादी व जुन्नरी कागदावरील दप्तरें दोनशें वर्षें टिकलीं, कारण तीं रुमालांत बांधून ठेविलीं होतीं. नोट फिरण्यासाठींच असल्यामुळें कोणी जपून ठेवीत नाहीं, आणि फाटक्या नोटा रिझर्व बँक यंत्रांत घालून त्यांचा भुगा करिते. नगर, नेवासें, शेवगांव, जामखेड या बाजूच्या जुन्या व्यापारी घराण्यांच्या दप्तरांत हाली-कलदाराच्या बट्ट्याचे हिशेब, हुंड्या, कापलेल्या नोटांचे अर्धे तुकडे, १९१७ च्या नोटपुस्तकांचीं वेष्टनें असण्याचा संभव आहे. अशीं घरें पाडतांना किंवा दुकानें हालवितांना हे कागद रद्दींत जातात. ज्यांच्याकडे असे कांहीं असेल त्यांनीं तें टाकण्यापूर्वीं मंडळास कळवावें. नकल करून घेऊन मूळ कागद आम्ही परत करूं. विशेषतः टोकें-कायगांव उतारावरील एखाद्या सराफाची वही मिळाल्यास सात आणि सहा यांचें हें प्रमाण प्रत्यक्ष बाजारांत कितपत टिकत असे, हें नक्की करतां येईल.