लिनक्समध्ये रिसीव्ह बफर वाढवला, तरी पॅकेट्स ड्रॉप का होतात?

यूडीपी सर्व्हर लिहिणाऱ्यांची एक तक्रार मी नेहमी ऐकतो: "सेटसॉकऑप्टने रिसीव्ह बफर ८ एमबी केला, एरर आला नाही, तरी पॅकेट्स ड्रॉप होतातच." अशा वेळी मी सर्वात आधी तो आकडा गेटसॉकऑप्टने परत वाचायला सांगतो. बरेचदा तिथे ४२५९८४ दिसतं.

हा आकडा आला कुठून?

कर्नलची एक कमाल मर्यादा असते: नेट.कोअर.आरमेम_मॅक्स. बऱ्याच सिस्टिमवर ती मुळात २१२९९२ बाइट असते. तुम्ही कितीही मागा, कर्नल तेवढंच देतो आणि वर 'काम झालं' म्हणून ० परत करतो. मग स्वतःच्या हिशेबासाठी तो आकडा दुप्पट करतो. ही सगळी जागा डेटासाठी नसते. प्रत्येक पॅकेटमागे कर्नलच्या नोंदीही त्यातच बसतात. म्हणून लहान पॅकेट्सचा मारा झाला की बफर पटकन भरतो.

काय करायचं?

१. एसएस ही कमांड यू, ए, एन, एम हे पर्याय देऊन चालवा. स्केमेममध्ये 'आरबी' म्हणजे बफरची मर्यादा आणि 'डी' म्हणजे ड्रॉप झालेली पॅकेट्स. 'डी' वाढतच नसेल, तर गळती दुसरीकडे शोधा.

२. रूट म्हणून सिस्कटलने आरमेम_मॅक्स ८३८८६०८ करा. रीबूटनंतरही ते टिकायला हवं असेल, तर सिस्कटल.डी फोल्डरमधल्या फाइलमध्ये लिहा.

३. प्रोग्रॅम पुन्हा सुरू करा. आधीच उघडलेल्या सॉकेटचा बफर आपोआप वाढत नाही. आता गेटसॉकऑप्टने १६७७७२१६ दाखवायला हवं.

टीसीपीचं काय?

तिथे सहसा हात लावू नका. टीसीपी_आरमेमच्या मर्यादेत कर्नल स्वतःच बफर कमी-जास्त करतो. तुम्ही हाताने आकडा दिलात, की त्या सॉकेटपुरती ही सोय बंद होते.

किती बफर पुरेल?

सेकंदाला ५० एमबी डेटा येतोय आणि वाचणारा थ्रेड १०० मिलिसेकंद अडकला, तर निदान ५ एमबी डेटा साठवावा लागेल. पण थ्रेड कायमच मागे पडत असेल, तर मोठा बफर फक्त गळती थोडी लांबवतो. तेव्हा वाचण्याचा वेग वाढवणं हाच उपाय.