प्रदर्शनात स्टॉल घेताय? पैसे भरण्याआधी हा हिशोब करा

सण जवळ आले की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज यायला लागतात. 'प्रदर्शन व विक्री. स्टॉल बुकिंग सुरू. मोजकेच स्टॉल शिल्लक.' वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीसारख्या मोठ्या वसाहतीत घरी बसून तोरणं, पणत्या, क्रोशाच्या वस्तू, कापडी पिशव्या बनवणाऱ्या अनेक जणी असतात. असा मेसेज वाचून वाटतं, यंदा आपणही स्टॉल घ्यावा.

घ्यावाच. पण दोन दिवस गर्दी झाली, माल विकला गेला आणि तरीही हातात काहीच उरलं नाही, असं होऊ शकतं. ते कसं टाळायचं, हे समजून घेऊया.

स्टॉल परवडतो की नाही, कसं ठरवायचं?

एक उदाहरण घेऊ. आकडे कल्पित आहेत, तिथे तुमचे आकडे घाला.

दोन दिवसांच्या स्टॉलचं भाडं ४,००० रुपये. टेम्पो येऊन-जाऊन १,२०० रुपये. चहा-जेवण, बॅनर आणि किरकोळ खर्च ८०० रुपये. एकूण ६,००० रुपये. एकही वस्तू विकली नाही तरी हा खर्च होणारच.

आता वस्तू. भरतकाम केलेला एक पाउच. कापड, दोरा, चेन मिळून ९० रुपये. पॅकिंग १० रुपये. तो शिवायला दीड तास लागतो. तुमच्या तासाची मजुरी ८० रुपये धरली, तर १२० रुपये. म्हणजे पाउचचा खरा खर्च २२० रुपये.

तो ३०० रुपयांना विकला, तर एका नगामागे ८० रुपये सुटतात. स्टॉलचे ६,००० रुपये वसूल व्हायला ७५ पाउच विकावे लागतील. रोज आठ तास धरले, तर दोन दिवस दर १३ मिनिटांनी एक. किंमत ३५० केली, तर ४७ पाउच पुरतात.

बहुतेक जणी मजुरी धरतच नाहीत. मग एका पाउचमागे २०० रुपये सुटतात असं वाटतं आणि ३० पाउच विकले की खर्च निघाला म्हणून आपण खूश होतो. प्रत्यक्षात ते ३० पाउच बनवायला गेलेले ४५ तास आपण फुकट दिलेले असतात. घरी बसून केलेलं काम असलं तरी ते काम आहे. त्याची मजुरी वहीत लिहा.

तयारी किती आधी सुरू करायची?

७५ पाउचसाठी साधारण ११२ तास लागतात. घरचं सगळं आवरून रोज तीन तास मिळत असतील, तर ३८ दिवस. म्हणजे दिवाळीच्या प्रदर्शनाची तयारी गणपतीच्या आसपास आणि राखीची तयारी ऐन पावसाळ्यात करावी लागते.

वसईकरांसाठी इथेच खरी अडचण आहे. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपाऱ्यात पाणी भरलं, तेव्हा लोकल सेवाही बंद पडली होती. एव्हरशाईन सिटीच्या रस्त्यांवर पाणी साचणं तर दर पावसाळ्यातलंच. तळमजल्यावर राहत असाल, तर तयार माल पलंगाखाली ठेवू नका. झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात भरून माळ्यावर किंवा उंच फळीवर ठेवा. कागद, ज्यूट, सुती दोरा आणि लाकूड दमटपणाने खराब होतात, त्यामुळे डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका.

हंगामाचाही विचार करा. वसईत दिवाळीनंतर लगेच नाताळ येतो. कंदील बनवणाऱ्यांनी चांदण्यांची तयारीही सोबत ठेवली, तर एकाच सामानावर दोन हंगाम साधता येतात.

कुठलं प्रदर्शन निवडायचं?

पहिल्यांदाच उतरत असाल, तर जवळच्या क्लबहाऊसमधलं एक दिवसाचं प्रदर्शन बरं. भाडं कमी, माल घरून आणता येतो आणि लोक कुठली वस्तू हातात घेतात, कुठल्या किमतीला परत ठेवतात, हे कळतं.

मोठ्या प्रदर्शनांचे नियम वेगळे असतात. मुंबईतलं महालक्ष्मी सरस हे प्रामुख्याने बचत गटांसाठी असतं आणि 'उमेद' अभियानामार्फत भरतं. तिथे जायचं तर आधी गटात असायला हवं. पुण्यात भीमथडी जत्रा भरते, तर मुंबईत १९९९ पासून काळा घोडा महोत्सव. पारंपरिक हस्तकला करणाऱ्यांना केंद्र सरकारच्या हस्तशिल्प विकास आयुक्त कार्यालयाकडून 'पहचान' कार्ड मिळतं. या कार्यालयाच्या 'गांधी शिल्प बाजार'सारख्या मेळ्यांमध्ये जायचं असेल, तर ते काढून ठेवा.

आयोजकाला काय विचारायचं?

पैसे पाठवण्याआधी या प्रश्नांची उत्तरं लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर मिळाली तरी चालतील.

• भाड्यात टेबल, खुर्ची, लाईट येतं का? त्यावर जीएसटी वेगळा आहे का?
• विक्रीवर कमिशन आहे का?
• माझ्यासारख्याच वस्तूंचे किती स्टॉल आहेत?
• पाऊस आला किंवा प्रदर्शन रद्द झालं, तर पैसे परत मिळतील का?
• रात्री माल तिथेच ठेवता येईल का? राखण कोण करणार?

आयोजक ओळखीचा नसेल, तर मैदानाच्या किंवा हॉलच्या ऑफिसमध्ये फोन करून त्या तारखेचं बुकिंग खरंच आहे का, हे विचारा. आधी भरलेलं प्रदर्शन पाहून या आणि तिथल्या दोन स्टॉलवाल्यांशी बोला.

लायसन्स लागतं का?

राज्यातच फक्त वस्तू विकत असाल आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर साधारणपणे जीएसटी नोंदणीची गरज नसते. दुसऱ्या राज्यातल्या प्रदर्शनात माल नेऊन विकायचा, तर एरवी नोंदणी सक्तीची आहे. सरकारने ठरवलेल्या यादीतल्या हस्तकला वस्तूंना मात्र २० लाखांच्या उलाढालीपर्यंत सूट मिळते. त्यासाठी पॅन हवा आणि मालाची किंमत कितीही असली तरी ई-वे बिल काढावं लागतं.

'उद्यम' नोंदणी ऑनलाईन आणि मोफत होते. ती करून देण्यासाठी कुणी पैसे मागत असेल, तर ती सरकारी फी नाही.

चकली, चॉकलेट असे खाद्यपदार्थ विकायचे, तर एफएसएसएआयची नोंदणी हवी. घरी बनवलेला अंगाचा साबण आणि क्रीम कायद्याने सौंदर्यप्रसाधनं ठरतात. ती बनवून विकायला एफडीएचं लायसन्स लागतं, 'नॅचरल' लिहिल्याने त्यातून सूट मिळत नाही.

लेबलवर खरं तेच लिहा. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे आणि ती आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या आदिवासींची कला आहे. छापील वारली डिझाईनची पिशवी 'हाताने रंगवलेली' म्हणून विकू नका.

प्रदर्शनाच्या दिवशी

टेम्पो लवकर काढा. मुंबईत जायचं असेल, तर वर्सोवा पुलाजवळची कोंडी धरूनच वेळ ठरवा. सामान घेऊन गर्दीच्या वेळी लोकलमध्ये चढायचा विचार करू नका.

प्रत्येक वस्तूवर किंमत लिहा. किंमत विचारायला संकोचणारं गिऱ्हाईक न बोलता पुढे जातं. ५०-१०० रुपयांच्या चार-पाच वस्तू समोर ठेवा, त्यावर भवानी लवकर होते. महागाच्या वस्तू डोळ्यांच्या उंचीवर टांगा. घासाघीस होणारच, म्हणून कुठल्या किमतीखाली जायचं नाही, हे घरीच ठरवून या. आपल्या उदाहरणात २२० च्या खाली पाउच विकला, तर पदरचे पैसे घालून विकल्यासारखं आहे.

सुट्टे पैसे, क्यूआर कोडच्या दोन प्रती आणि पॉवर बँक सोबत ठेवा. गिऱ्हाइकाच्या मोबाईलवरचा 'पेमेंट सक्सेसफुल' स्क्रीनशॉट पाहून वस्तू देऊ नका. पैसे तुमच्या ॲपमध्ये दिसले किंवा साउंडबॉक्सवर ऐकू आले, तरच जमा झाले समजा. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही.

घरी आल्यावर

त्याच रात्री तीन गोष्टी वहीत लिहा. काय विकलं गेलं, काय परत आलं आणि लोकांनी काय मागितलं जे आपल्याकडे नव्हतं. ऑर्डर मिळाली असेल, तर ॲडव्हान्स घेतल्याशिवाय सामान आणू नका.

मग विक्रीतून स्टॉलचा खर्च, सामान आणि मजुरी वजा करा. काही उरलं, तर पुढचा स्टॉल बुक करा. नाही उरलं, तर किंमत बदला, वस्तू बदला किंवा प्रदर्शन बदला. पण वहीतली मजुरी खोडून हिशोब जुळवू नका.