पुच्छप्रश्न आणि विनय : इंग्रजी संभाषणाच्या अभ्यासातील एक वाद

इंग्रजी बोलीत विधान संपता संपता वक्ता त्याला एक लहानसा प्रश्न जोडतो : 'इट्स कोल्ड, इझन्ट इट?' या रचनेस येथे पुच्छप्रश्न म्हटले आहे. तिचे नियम व्याकरणकारांनी पूर्वीच बांधले होते. विधान होकारार्थी असल्यास पुच्छ बहुधा नकारार्थी असते, आणि साहाय्यक क्रियापद व सर्वनाम विधानाशी जुळवून घ्यावे लागते. मराठीतील 'ना' किंवा 'नाही का' यांना असली जुळवाजुळव ठाऊक नाही. त्यामुळे आपला विद्यार्थी सर्वत्र 'इझन्ट इट' लावून मोकळा होतो. परंतु वक्ता हे पुच्छ जोडतो तरी कशासाठी, याविषयीचा वाद पेटला तो १९७३ नंतर.

त्या वर्षी रॉबिन लेकॉफ या अमेरिकन विदुषींचा स्त्रियांच्या भाषेवरील निबंध प्रसिद्ध झाला. १९७५ मध्ये तो विस्तारून ग्रंथरूपाने आला. पुच्छप्रश्न हा विधान आणि प्रश्न यांच्या मधला प्रकार होय, असे त्यांचे म्हणणे. स्वतःचे मत ठामपणे न मांडता श्रोत्याला नकार देण्यास जागा ठेवणे, हा त्यातील विनय. आणि स्त्रियांना लहानपणापासून तोच शिकविला जात असल्याने त्यांच्या बोलण्यास दुबळेपणा चिकटतो. विचार मोलाचा खरा, पण आधार मुख्यतः स्वतःच्या व परिचितांच्या बोलण्याचा.

१९७५ मध्येच ड्यूबॉय व क्राउच यांनी एका विद्वत्सभेतील चर्चा तपासली. तीत ३३ पुच्छप्रश्न आढळले, आणि ते सर्वच्या सर्व पुरुषांचे होते! एका सभेवरून सिद्धान्त मोडत नाही हे मान्य. तथापि पुरुषांच्या या पुच्छांस कोणी दुबळेपणा म्हटले नाही, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

वादास खरे वळण दिले न्यूझीलंडच्या जॅनेट होम्स यांनी, १९८४ मध्ये. नुसती संख्या मोजून काय होणार? कार्य पाहिले पाहिजे. वक्त्याला माहितीची खात्री नसते तेव्हाचे पुच्छ निराळे, आणि श्रोत्यास बोलते करण्यासाठी जोडलेले निराळे. यजमानीण पाहुण्याला 'तुम्ही नुकतीच नवी नोकरी धरलीत, नाही का?' असे विचारते तेव्हा उत्तर तिला ठाऊकच असते. ती त्याला संभाषणात ओढून घेत असते. होम्स यांच्या सामग्रीत स्त्रियांची पुच्छे अधिककरून या दुसऱ्या प्रकारची होती, तर पुरुषांची पहिल्या.

१९८८ मध्ये कॅमेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिकाराचा मुद्दा पुढे आणला. शिक्षक-विद्यार्थी, वैद्य-रुग्ण अशा विषम संभाषणात बोलते करणारे पुच्छ वापरतो तो अधिकारी पक्ष. दुसऱ्याला ती मुभा नसते. माझ्या मते लेकॉफ यांच्या मताचे सर्वांत समर्थ उत्तर हेच.

स्वराकडे मात्र अजून लक्ष हवे. चढत्या स्वरातील पुच्छ विचारते, उतरत्या स्वरातील संमती गृहीत धरते. न्यायालयात उलटतपासणी घेणारा वकील साक्षीदाराला उतरत्या स्वरात 'यू वेअर देअर, वेअरन्ट यू?' असे विचारतो, तेव्हा रचना तीच असते. विनयाचा तेथे लवलेशही नसतो.