ला लूपा (लांडगीण)

इटालियन लेखक जोव्हान्नी व्हेर्गा (१८४०–१९२२) याच्या याच नावाच्या कथेची नायिका. कथा ‘व्हीता देई काम्पी’ (१८८०) या संग्रहात आहे. मूळ नाव पिना. उंच, सडपातळ, हिवताप झाल्यासारखी फिकट. ओठ मात्र लालभडक. ती दिसताच सिसिलीतील तिच्या खेड्यातल्या बायका क्रूसाची खूण करतात. तरुण नान्नीवर आसक्त होऊन ती आपली मुलगी मारिक्किया त्याला देते आणि पुढे भर दुपारी खळ्यावर जाऊन जावयालाच नादी लावते. नान्नी तिला नरकाचा मोह मानतो. अखेरीस तो तिला ठार मारण्याची धमकी देऊन कुऱ्हाड हाती घेतो, तरी ती न डगमगता त्याच्याकडे चालत येते. तिचे सैतानीपण गावाच्या बोलण्यातून उभे राहते; निवेदक स्वतः निवाडा देत नाही. ‘व्हेरिझ्मो’ या वास्तववादी संप्रदायाचे हे ठळक लक्षण होय. व्हेर्गाने केलेले कथेचे नाट्यरूप १८९६ मध्ये रंगभूमीवर आले.